मलमाचे वाटे

नीट लिहिलेलं वाचणाऱ्याला कळलंच पाहिजे, आणि कळलं नाही तर चूक लिहिणाऱ्याची, असं रसिकाचं ठाम मत होतं. मत इतकं ठाम की औषधाच्या खोक्यातली घडीची चिठ्ठीसुद्धा ती हातात पेन्सिल घेऊन वाचायची!

सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. होऊन ती रत्नागिरीतल्या डॉ. राजेंद्र सुर्व्यांकडे लागली होती. डॉक्टर त्वचारोगाचे. हात उत्तम, पण लिखाण म्हणजे ओल्या जाळ्याचा गुंता. मिरकरवाडा बंदरातल्या शेडमध्ये बर्फाच्या पाण्यात कोळंबी सोलून बायकांचे हात फुटतात, त्यावरच्या मलमाचा त्यांचा पहिला शोधनिबंध परत आला होता. बायकांना नेमकं काय समजावलं होतं, असं संपादकांनी विचारलं होतं. डॉक्टरांनाही ते आठवेना.

"अभ्यास पुन्हा पहिल्यापासून करू. या खेपेला सगळं तू लिही," ते म्हणाले. "छापून आलं तर माझ्या नावाशेजारी तुझं नाव."

रसिकाला पीएच.डी.ला प्रवेश हवा होता. त्या नावासाठी तिने पाण्यात उडीही मारली असती, इथे तर फक्त लिहायचं होतं.

आधी तिने बायकांना दिलेला जुना माहितीचा कागद काढला. 'सदर अभ्यासात सहभागींची यादृच्छिक विभागणी करण्यात येईल' हे वाक्य डॉक्टरांनाच एका दमात वाचता आलं नाही. रसिकाने ते खोडलं आणि लिहिलं, 'मलमं दोन आहेत. एकात औषध आहे, एकात नाही. कुणाला कुठलं मिळालं, हे तुम्हांला आणि डॉक्टरांना शेवटपर्यंत कळणार नाही.' मग तिला एक दाखला सुचला आणि ती स्वतःवरच खूश झाली. संध्याकाळी शेडमधल्या बायका कालवणाच्या मासळीचे वाटे घालतात. एक जण पाठ करून उभी राहते, दुसरी वाट्यावर बोट ठेवून 'हा कुणाचा?' विचारते, आणि पहिली न बघता नाव घेते. तिने लिहिलं, 'मलमंही अशीच, न बघता दिली जातील.'

शेडमध्ये तिने कागद मोठ्याने वाचला. कोळंबी सोलणारे हात थांबले. सगळ्यांत जुन्या सोनूबाई पुढे सरकल्या.

"म्हणजे निम्म्या बायांना नुसतंच तूप चोपडायचं?"

"तुपासारखंच. तुलना करायला लागतं."

"मुद्दामहून?"

"हो, मुद्दाम."

सोनूबाईंनी शेजारी सोलत बसलेल्या दर्शनाकडे पाहिलं, दर्शनाने बाकीच्यांकडे. मग सगळ्यांनी मुकाट्याने सह्या केल्या आणि आपापल्या क्रमांकाची मलमाची नळी घेतली. कळलं का, असं रसिकाने पुन्हा विचारलं, तर सगळं कळलं म्हणाल्या. निबंधात 'सहभागींना संपूर्ण आकलन झाले' असं लिहिताना तिला हवेत चालल्यासारखं वाटत होतं.

मलम लावायची मुदत संपल्यावर डॉक्टरांनी सगळ्यांचे हात तपासले आणि कुठल्या क्रमांकाच्या नळीत औषध होतं, ते लिहिलेलं बंद पाकीट फोडलं. औषधवाल्यांचे हात सुधारले होते. बिनऔषधवाल्यांचेही, अगदी तेवढेच!

डॉक्टर खुर्चीत मागे रेलले. रसिकाचं कुतूहल मात्र जागं झालं. साध्या मलमाने हात बरे होतात? तडक ती मिरकरवाड्यात गेली आणि नळ्या दाखवा म्हणाली.

"त्या कवाच पिळल्या," दर्शना म्हणाली. "पयल्याच दिवशी."

सगळ्या नळ्या एका टोपात रिकाम्या झाल्या होत्या. मलम पळीने फेटलं होतं आणि त्याचे वाटे घातले होते. पाठ करून.

"अहो, पण मी कागदात लिहिलं होतं ना, वाट्यांसारखं म्हणून!"

"लिवलंस म्हणून तर," सोनूबाई शांतपणे म्हणाल्या. "पाठ करून नाव कधी घेतात गो बाय? वाटे सारखे असले की. एका वाट्यात सुरमई नि दुसऱ्यात नुसते काटे, असले वाटे आमच्यात घालीत नाय. तुझे सारखे नव्हते, आमी केले. गेल्या खेपेच्या कागदातलं कायच कळलं नव्हतं, म्हणून दिलं ते गप लावलं."

रसिका बर्फाच्या पेटीवर बसली. पण डोकं थांबेना. निम्मं औषधही काम करतं असं दिसत होतं, तेही शोधासारखंच! फक्त ताडून बघायला मलम न लावलेले हात हवे होते.

"शेडमध्ये कुणी राहिलंय का, ज्याला वाटा मिळाला नाही?"

सोनूबाईंना ते लागलं. "राहील कशी? बर्फ फोडणाऱ्या विठूलासुद्धा दिला."

विठूने लांबूनच दोन्ही हात वर करून दाखवले. गुळगुळीत होते.

संध्याकाळी तिने डॉक्टरांना सगळं सांगितलं, काही न लपवता, मुद्देसूद. आणि जे घडलं तेच आपण निबंधात लिहिणार आहोत, एकही शंका उरणार नाही असं, हेही सांगितलं. डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं.

"जरूर लिही," ते म्हणाले. "आणि नावाचं म्हणशील तर, तुझं एकटीचंच घाल."