गजरबाईंचा पहारा

"मास्तर, डोळे उघडा!"

"उघडेच आहेत."

"मग समोरच्या पाटीवर काय लिहिलंय, वाचा."

"'येथे झोपू नये.' पण खरं सांगू का बाई, ते मी सकाळीच पाठ केलंय."

म्हणजे डोळे मिटलेलेच होते. गजरबाईंनी खुर्ची आणखी पुढे ओढली.

झोप मिळाली नाही तर माणसाच्या मेंदूचं, रक्तदाबाचं आणि स्वभावाचं नेमकं काय होतं, याचा त्या प्रयोगशाळेत अभ्यास चालला होता. बारा जणांना छत्तीस-छत्तीस तास जागं ठेवायचं होतं. अकरा जणांचे तास पार पडले होते. बारावे हे निवृत्त गणित शिक्षक. काल सकाळी सहाला उठलेल्या मास्तरांना आज संध्याकाळी सहापर्यंत एक डुलकी जरी लागली, तरी त्यांची सगळी नोंद बाद होणार होती. चहा द्यायचा नाही, अंगाला हात लावायचा नाही, फक्त बोलून जागं ठेवायचं, हा नियम. दर दहा मिनिटांनी नोंद ठेवणाऱ्या पेटीवरचा दिवा लागला की मास्तरांनी बटण दाबायचं आणि बाईंनी तक्त्यात 'जागे' असं लिहायचं.

अकरा वर्षांत बाईंच्या पहाऱ्यात एकाचाही डोळा लागला नव्हता. गजरबाई हे नाव त्यावरूनच पडलं होतं आणि त्या ते पदवीसारखं मिरवत असत. आज सकाळच्या पाळीवरच्या बाईंची मुलगी तापाने फणफणली, तेव्हा रात्री दहाला आलेल्या गजरबाई आपण होऊन थांबल्या. अभ्यास चालवणाऱ्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "अहो, तुम्हीच दमाल." त्यावर त्यांचं उत्तर, "मी? मॅडम, मी गजर आहे!"

पण दुपारी चारच्या सुमाराला मास्तरांची मान पेंगुळलेल्या कोंबडीसारखी झुकायला लागली. गाणी झाली, कोडी झाली, येरझाऱ्या झाल्या. शेवटी बाईंनी चिमटा काढला, अर्थात शब्दांचा.

"मास्तर, एक विचारू? गणिताचा व्यवहारात काडीचा तरी उपयोग असतो का हो?"

मास्तर ताडकन उठले. "कोणी सांगितलं तुम्हाला?"

"मी दोनदा नापास झाले. माझं काय अडलं?"

"शिकवणारा गाढव असेल! बसा तिथे. खडू कुठे आहे?"

खडू नव्हता. मास्तरांनी पेन घेऊन फळ्याएवढ्या पुठ्ठ्यावर समीकरण मांडलं. त्यांचे डोळे लकाकले, आवाज खणखणीत झाला. 'जिंकले,' असं मनाशी म्हणत बाई समोर बसल्या. मास्तर म्हणाले, "समजा, क्ष ही एक संख्या आहे."

बाईंनी समजायला घेतलं. अठरा तासांची जागलेली बाई, मऊ खुर्ची आणि समोर क्ष. पुढचं बाईंना आठवत नाही.

जाग आली तेव्हा सहा वाजून पाच मिनिटं झाली होती. दारात डॉक्टर मॅडम उभ्या होत्या आणि तक्ता त्यांच्या हातात होता. बाई धडपडत उठल्या.

तक्ता भरलेला होता. वळणदार अक्षरात. 'चार चाळीस : मी जागा. बाई लक्षपूर्वक ऐकत आहेत. चार पन्नास : मी जागा. बाई डोळे मिटून मनन करीत आहेत.'

"पेटीतली नोंद पाहिली मी," मॅडम म्हणाल्या. "यांनी दरवेळी बटण दाबलंय. आणि बाराही जणांत शेवटच्या तासात एवढा चपळ हात कोणाचाच नव्हता. बाई, तुम्ही यांना दिलंत तरी काय?"

मास्तर ताठ उभे होते. "काही नाही. हुशार विद्यार्थिनी मिळाली, एवढंच. चौतीस वर्षांत माझ्या वर्गात कधी कोणी झोपलं नाही."

बाईंनी तक्त्याकडे पाहिलं. गप्प राहिलं तर दोघांचीही झाकली मूठ राहणार होती. पण नोंद म्हणजे नोंद.

"मॅडम, मी झोपले होते."

मास्तरांनी हातातल्या पेनाला टोपण लावलं.

"म्हणजे ती मुलं... शेवटच्या बाकावरची... मनन करत नव्हती?"

"नसावीत, मास्तर."

"पण मी शिकवलं! आणि मी झोपलो नाही!"

"तेच तर!" बाई उसळून म्हणाल्या. "मॅडम, शिकवणारा झोपत नाही. झोपतो तो ऐकणारा! आपण इतकी वर्षं लोकांना बोलून जागं ठेवतोय. त्यांनाच शिकवायला लावायचं!"

मॅडमनी वही काढली आणि तिथेच उभ्याने लिहायला सुरुवात केली.

महिन्याभराने नवा अभ्यास सुरू झाला. त्याच्या कागदावर कल्पना सुचवणारी म्हणून गजरबाईंचं नाव होतं. ऐकायला कोणीतरी हवं, म्हणून मास्तरांना सन्मानाने बोलावलं होतं. पहिला मान एका शिंप्याचा. चौतिसाव्या तासाला तो बाही कशी बेतायची ते शिकवायला उभा राहिला आणि हातवारे करत असा रंगला, की दिवा लागताच बटण दाबून पुन्हा बाहीकडे वळे.

पंधराव्या मिनिटाला पुढच्या खुर्चीतून घोरणं ऐकू आलं. बाईंनी मास्तरांच्या अंगावर चादर घातली, ताठ बसल्या आणि शिंप्याच्या तक्त्यात ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'जागे.'