काचेच्या कपाटातले सात इंगळे

लग्न कसं जमवावं हे मला विचारा! फक्त डोक्यावरची टोपी काढायला सांगू नका, बाकी काहीही विचारा. आमची पोरगी संस्कृती कारंज्याच्या अशा घरात पडली की किन्हीराजात महिनाभर दुसरा विषय नव्हता. आणि हे जमलं कोणाच्या जोरावर? या जानराव इंगळेच्या! म्हणजे माझ्या, आणि थोडंसं एका काचेच्या कपाटाच्या.

मुलगा हरीओम गुणी, घरदार उत्तम. फक्त त्या घराला शिक्षणाचं भारी वेड. हरीओमचे काका कॉलेजात इतिहासाचे प्रोफेसर. पहिल्याच भेटीत त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "तुमच्याकडे लिहिण्यावाचण्याची परंपरा आहे का?"

आमच्या भाऊकीत लिहिण्याची परंपरा म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे नाव लिहिण्यापुरती. पण मी काही कच्चा गडी नाही!

"आहे म्हणजे काय! सात ग्रंथकार आहेत आमच्या भाऊकीत. पुढच्या खेपेला या, पुस्तकंच दाखवतो!"

पाहुण्यांची गाडी वळली नाही तोच रुख्मिणी, म्हणजे आमची सौभाग्यवती, पदर खोचून पुढं आली.

"सात? या घरात येऊन मले एवढे वर्सं झाले, मले एकबी दिसला नाही!"

"दिसन! उद्या अकोल्याले जातो अन् घेऊनच येतो!"

अकोल्यात जुन्या पुस्तकांचं एक दुकान आहे. मालकाला म्हटलं, "इंगळे आडनावाच्या माणसानं लिहिलेलं जे असेल ते काढा."

"विषय कोणता?"

"इंगळे!"

त्या भल्या माणसानं माळ्यावर चढून धूळ खात पडलेले सगळे इंगळे खाली आणले. कपाशीवरच्या किडींचे जीवनचक्र. घुबडांच्या आवाजांचे वर्गीकरण. उंटाच्या दातांचा अभ्यास. कैद्यांच्या अर्जांची सूची, खंड तिसरा. जुन्या दफ्तरांतील विहिरींच्या नोंदी. शून्याचा इतिहास. आणि एक इतकं जाड की त्याचा विषय शेवटपर्यंत कळला नाही, पण ते खाली ठेवल्यामुळे कपाट हलेनासं झालं. एकमेकांचं तोंड न पाहिलेले सात विद्वान, केवळ आडनावापायी माझ्या बैठकीत काचेआड दाटीवाटीनं उभे राहिले!

प्रोफेसर आले. एकेका पुस्तकावरून बोट फिरवत विहिरींच्या पुस्तकाशी थांबले.

"हे विश्वंभर इंगळे तुमचे कोण?"

"चुलत काका! जवळचे!"

"येणंजाणं आहे?"

"दर दिवाळीला!"

चष्म्यातून बराच वेळ ते माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "वा. मग ठरलं!"

ठरलं! त्या दिवसापासून मी सातही ग्रंथकारांच्या इतक्या गोष्टी सांगितल्या की भाऊकीनंही त्यांना आपलं मानलं. आमचे नानाजी भाऊकीत सगळ्यांत वडील. ते पारावर सांगायला लागले, "विश्वंभर ना? आपल्या पातूरच्या शाखेतला थो! लहानपणापासून डोकं होतं पोराले!" मी म्हटलं, चालू द्या. ग्रंथकार कोणाला नको असतो?

लग्न परवावर आलं. अंगणात मांडव पडला, बुंदीचा घाणा लागला. अन् सकाळीच प्रोफेसरांचा फोन!

"जानराव, वाईट बातमी आहे. विश्वंभर इंगळे गेले. आजच्या पेपरात आलंय. तुम्हाला कोणी कळवलं नाही?"

"ते... आमचं जरा शेताच्या बांधावरून वाजलं होतं."

"पण दिवाळीला जाता ना?"

"दिवाळीपुरतं मिटवतो!"

"सुतकात लग्न कसं होणार? आमचे दादा, म्हणजे हरीओमचे वडील, या बाबतीत फार कडक आहेत. संध्याकाळपर्यंत काय ते कळवा."

फोन ठेवून मी खाटेवर बसलो. पुढची तिथी थेट तुळशीच्या लग्नानंतर! आणि खरं सांगावं, तर थापाड्याची पोरगी कोण करून घेईल? दारात संस्कृती उभी होती, मेंदीचे हात वर धरून.

"बाबा, लग्न मोडते का आता?"

थापा मी मारल्या आणि भरणार ती! त्या घटकेला मला माझी स्वतःची लाज वाटली. म्हटलं, जाऊ दे, आधी भाऊकीला खरं सांगतो. उठलो, तर बाहेर रडारड! माझी आत्या बेबीबाई ओसरीवर फतकल मारून बसली होती आणि भोवती सगळ्या बाया.

"माह्या हातचा झुनका खाल्ला रे त्यानं! 'आत्या, अजून वाढ' म्हणे! माय वं, गेला ना माहा विश्वंभर!"

आत्या मेलेल्या माणसापेक्षा लहान होती, पण हे मोजायला त्या गर्दीत शुद्धीवर कोण होतं! मी नानाजींना बाजूला ओढलं.

"नानाजी, थो विश्वंभर आपला नोहे. मी गंमतीनं सांगतलं होतं."

नानाजींनी काठी आपटली. "काऊन नोहे? जित्ता होता तवा आपला, अन् मेल्यावर नाही? असा कसा रे तू जानराव! मानूस गेला अन् तू नातं तोडून राह्यला?"

तेवढ्यात रुख्मिणी पेपर घेऊन आली.

"रडनं जरा थांबवा वं! कोनी पुरं वाचलं का? आज दहावा हाय त्यायचा! मरून दहा दिवस झाले. नानाजी, सुतक कवापासून मोजतेत? मेल्यापासून का आपल्याले कळल्यापासून?"

"मेल्यापासून," नानाजी म्हणाले.

"मंग आज दहावा करा, डोकशी भादरा, आंघोळी करा अन् मोकळे व्हा! परवा लगन!"

ही युक्ती मलाही सुचणारच होती, रुख्मिणी जरा आधी बोलली इतकंच. मी लगेच सूत्रं हातात घेतली. गावातल्या सलूनवाल्याला मांडवातच बोलावलं आणि भाऊकी रांगेनं बसवली. आधी नानाजी, मग मी, मग बाकीचे. माझा पुतण्या ऋषिकेश तेवढा पळाला. त्यानं बहिणीच्या लग्नासाठी वाशिमला जाऊन केस रंगवून आणले होते, पुढून तांबूस, मागून काळे. दोघांनी धरून आणला. विश्वंभरकाकांसाठी त्या दिवशी पुष्कळ जण रडले, पण मनापासून रडला तो ऋषिकेश!

संध्याकाळी मी ऐटीत फोन केला. "सुतक फिटलं! या वाजतगाजत!"

आणि लग्नाच्या दिवशी आले! बँड वाजवत वरात मांडवाशी आली आणि बँड आपोआप बंद पडला. समोर मुलीकडची अकरा माणसं एका रांगेत, सगळ्यांची डोकी चकाचक! शूटिंगवाला म्हणाला, "काका, थोडं सावलीत सरका, कॅमेऱ्यात नुसता उजेड येतोय." फेटे बांधले तर टिकेनात. माझा घसरून नाकावर आला, नानाजींचा गळ्यात गेला. व्याही पुढं झाले, मला मिठी मारून म्हणाले, "याला म्हणतात घराणं! घरात कार्य असूनही रीत सोडली नाही!" मंगलाष्टकं वेळेवर झाली, अक्षता पडल्या, संस्कृती माझ्याकडे बघून हसली. जिंकलो! सरळ जिंकलो!

पंगती उठल्यावर मी हात धूत होतो. प्रोफेसर जवळ आले. हळूच म्हणाले, "जानराव, विश्वंभर सर मला शिकवायला होते."

मी धुतलेलेच हात पुन्हा धुवायला लागलो.

"मूळचे बेळगावकडचे. वऱ्हाडात त्यांची भाऊकीच नाही. कपाट पाहिलं तेव्हाच मला कळलं होतं. मुलगी मनाला आली होती, म्हणून बोललो नाही. परवा फोन केला तो तुमची परीक्षा पाहायला. वाटलं, आता तरी कबूल कराल."

"साहेब, चुकलंच आमचं..."

"ऐका तर! सरांना मूलबाळ नव्हतं. गेल्याचं मलाही पेपरातूनच कळलं. त्याच दिवशी अकोल्याला दहाव्याला धावत गेलो, तर घाटावर आम्ही तिघं, त्यातले एक गुरुजी. मी त्यांचा विद्यार्थी, पण मी केस दिले नाहीत. आणि इथं येऊन पाहतो तर अकरा डोकी!" त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी चक्क मला हात जोडले. "सरांना कोणी नाही असं आता मी म्हणणार नाही."

मीही त्यांना हात जोडले. थाप मारावी आणि तिचं पुण्य पदरात पडावं, असं भाग्य किती जणांचं असतं!

जाता जाता प्रोफेसर सहज म्हणाले, "बाकीच्या इंगळ्यांनाही असाच जीव लावा हो. ते घुबडांच्या पुस्तकवाले डॉक्टर इंगळे नव्वदीच्या पुढचे आहेत. अमरावतीला दवाखान्यात भरती आहेत, तब्येत नाजूक आहे."

त्याला आता चार महिने झाले. आमची डोकी जरा माणसात आली आहेत. ऋषिकेशनं पुन्हा केस रंगवलेत, कारण त्याचं लग्न ठरलंय. नानाजी मात्र सकाळी पेपर आला की आधी निधनवार्तांचं पान उघडतात आणि विचारतात, "जानराव, आपला घुबडवाला कसा हाय?" म्हणून मी दर आठवड्याला दवाखान्यात फोन करतो. म्हटलं, ऋषिकेशचं लग्न लागेपर्यंत तरी त्यांना काही होऊ नये. परवा नर्सबाईंनी विचारलं, "तुम्ही इतकी काळजी करता, पेशंटचे कोण तुम्ही?"

सवयीनं तोंडातून निघूनच गेलं. "पुतण्या! दर दिवाळीला येणंजाणं आहे!"