दहापैकी दहा

परवाना कचेरीत जावईबापूंच्या टेबलावर एक रबरी शिक्का होता: ‘फोटो अस्पष्ट, सबब अर्ज परत.’ एकोणीस वर्षं ते तो मन लावून मारत आले होते. कुणाचा एक कान दिसत नसे, कुणाच्या हनुवटीवर सावली पडलेली असे. जावईबापू हळहळत, मान हलवत आणि शिक्का उचलत. लोकांना साधा फोटो काढता येत नाही याचं त्यांना मनापासून वाईट वाटे. त्या वाईट वाटण्यातूनच त्यांनी स्वतः कॅमेरा घेतला.

जावईबापू हे काही त्यांचं नाव नव्हे. पण सासूबाई तशी हाक मारत, आणि सासूबाईंनी एकदा ठरवलं की ते सगळ्या घरात चालत असे. त्या चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या. गुण द्यायची सवय मात्र सुटली नव्हती. भाजीला सात, सुनेच्या नव्या पडद्यांना पाच. जावयाला बावीस वर्षांत मिळालेले सर्वांत जास्त गुण चार होते, आणि त्यांतले दोन वेळेवर आल्याबद्दलचे होते. त्यांच्या फोटोंना तर त्या गुणही देत नसत. “ठेवा तिथं,” एवढंच म्हणत.

तेव्हा सासूबाईंच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसाला सगळ्या कुटुंबाचा भिंतभर फोटो द्यायचा, असं जावईबापूंनी ठरवलं ते काही निव्वळ प्रेमापोटी नव्हतं. त्यांना पाच गुण हवे होते. निदान पाच.

त्यासाठी नवी लेन्स आली. दुकानदारानं बजावलं, “ही पूर्ण उघडी ठेवली की एकाच अंतरावरचं ठळक येतं, पुढचं-मागचं सगळं विरघळतं. घोळक्याचा फोटो असेल तर थोडी मिटून घ्या.”

“मिटूनच ठेवायची तर जुनी काय वाईट होती?” जावईबापू म्हणाले.

रविवारी ते सासूबाईंच्या दिवाणखान्यात तासभर आधीच जाऊन बसले. स्टँड उभा केला. माणसं यायची होती, म्हणून सोफ्याच्या मागच्या भिंतीवरच्या घड्याळावर त्यांनी फोकस लावून पाहिला. काट्यावरची धूळसुद्धा मोजता येईल इतका तो नेमका लागला. असा फोकस पुन्हा लागेल न लागेल, म्हणून त्यांनी तो तिथंच पक्का करून टाकला. मग आठ माणसं भिंतीपासून चार हात पुढे सोफ्यावर आणि सोफ्याभोवती बसवली.

“अहो, माणसं आल्यावर परत एकदा बघायला नको का?” बायकोनं विचारलं.

“एकदा जमलेलं हलवायचं नसतं. ह्याला तंत्र म्हणतात.”

“मागच्या वेळी तंत्रानं माझं कपाळ उडवलं होतं,” मेहुणा म्हणाला.

कॅमेऱ्याला दहा सेकंदांची मुदत द्यायची आणि धावत येऊन सासूबाईंच्या शेजारी बसायचं, असं जावईबापूंनी त्रेचाळीस वेळा केलं. कॅमेऱ्याच्या काडेपेटीएवढ्या पडद्यावर सगळे फोटो झकास दिसत होते.

छपाईवाल्यानं त्यांतला एक संगणकावर मोठा करून पाहिला. “साहेब, जरा मऊ आलाय.”

“मऊच हवाय,” फ्रेम निवडता निवडता जावईबापू पाठमोरेच म्हणाले.

“चेहरेसुद्धा?”

“चेहरेसुद्धा. शैली असते ती.”

छपाईवाल्यानं आयुष्यात बऱ्याच शैली पाहिल्या होत्या. त्यानं मुकाट्यानं फोटो छापला, फ्रेममध्ये बसवला आणि खाकी कागदात गुंडाळून दिला.

वाढदिवशी कागद सुटला आणि सगळे पुढे वाकले. फोटोतल्या घड्याळात पाचला दहा कमी होते आणि ते इतकं ठळक आलं होतं की त्यावरचं कंपनीचं बारीक नाव वाचता येत होतं. त्याखाली नऊ माणसं न्हाणीघराच्या वाफाळलेल्या काचेतून पाहावीत तशी दिसत होती. जावईबापूंना पहिल्यांदा आपला शिक्का आठवला.

“ह्यातला मी कुठला?” मेहुण्यानं विचारलं.

“निळा,” त्याची बायको म्हणाली.

सासूबाई फोटोच्या अगदी जवळ गेल्या, मग दोन पावलं मागे सरल्या. “सुरेख,” त्या म्हणाल्या. “सगळे अगदी जसेच्या तसे. दहापैकी दहा.”

आई आता माणसांना सांभाळून घ्यायला लागली, असं बायकोला वाटलं. हा टोमणा असणार, असं मेहुण्याला वाटलं. निघताना सासूबाईंनी जावयाला पुन्हा फोटोसमोर नेलं. “आणि हे कोपऱ्यात तुम्ही. किती ताठ उभे राहिलात.” त्यांचं बोट कोपऱ्यातल्या उंच दिव्याच्या टोपीवर होतं.

जावईबापूंच्या लख्ख ध्यानात आलं. सांगायला हवं होतं, त्यांनी तोंडही उघडलं. पण बावीस वर्षांत पहिल्यांदाच दहा मिळाले होते, आणि ते मोतीबिंदूला मिळालेत असं स्वतःच्या तोंडानं कसं सांगायचं?

“हो,” ते म्हणाले. “जरा ताठच राहिलो.”

पुढचे आठ-दहा दिवस त्यांच्या आयुष्यातले फार सुखाचे गेले. सासूबाई येईल त्याला फोटो दाखवत. येणारा आधी फोटोकडे बघे, मग बाईंच्या चेहऱ्याकडे बघे आणि “छान आलाय” म्हणे, कारण शाळेत असल्यापासून बाईंना खोटं पाडायची कुणाची छाती नव्हती. जावईबापू एक दिवसाआड तिकडे जाऊ लागले.

अशाच एका दुपारी सासूबाईंनी जेवणानंतरची गोळी तोंडाजवळ नेली आणि जावईबापू ओरडले, “थांबा. ती नाही. ती झोपेची आहे.”

सासूबाईंनी हात खाली घेतला. “मग काल घेतली ती कुठली?” त्यांनी हळूच विचारलं. त्यांचा आवाज इतका लहान झालेला जावईबापूंनी कधी ऐकला नव्हता. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

“तुम्हाला नीट दिसत नाहीये.”

“काहीतरीच. तुमचा फोटो दिसला ना?”

“तो फोटो खराब आलाय. एकाचंही तोंड ओळखू येत नाही. आणि कोपऱ्यात मी नाहीये, तो दिवा आहे. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं.”

सासूबाईंनी हातातली गोळी ताटाच्या कडेला ठेवली. मग म्हणाल्या, “डॉक्टरांची वेळ घ्या.”

महिनाभरात दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. सासूबाई घरी आल्या त्या सरळ फोटोसमोर उभ्या राहिल्या.

“जावईबापू.”

“हो.”

“माझी दृष्टी गेली होती. तुमचं काय गेलं होतं?”

सासूबाईंनी पुन्हा एकदा फोटोकडे पाहिलं.

“दहापैकी एक. तोही घड्याळाचा.”

जावईबापूंनी फोटो उतरवायला स्टूल ओढलं. “राहू दे,” सासूबाई म्हणाल्या. “गोळीच्या दिवशी खरं बोललात, त्याचे नऊ. बेरीज तुमची तुम्ही करा.” जावईबापूंनी ती केली, आणि स्टूल परत जागेवर ठेवताना त्यांना दोनदा नाक पुसावं लागलं.

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण जावईबापूंबरोबर तपासणीला गेल्या तेव्हा सासूबाईंनी डॉक्टरांना सगळी हकिकत सांगितली, फोटोची छोटी प्रतही दाखवली. डॉक्टर खुर्चीतून उठलेच.

“ह्याची एक मोठी प्रत द्याल? बाहेर पेशंट बसतात तिथं लावतो. ऑपरेशनआधी कसं दिसतं ते सांगून पटत नाही हो लोकांना. आम्ही मुद्दाम काढून पाहिले, पण असा जमला नाही कुणाला.”

जावईबापूंचा चेहरा खुलला. “खाली बारीक अक्षरांत नाव टाकलं तर चालेल?”

“अवश्य टाका. शेजारी ऑपरेशननंतरचाही लावायचाय. स्वच्छ, ठळक.”

जावईबापूंनी कॅमेऱ्याच्या पिशवीची चेन उघडली.

“नाही, तो झालाय,” डॉक्टर म्हणाले. “परवा तुम्ही सगळे बाईंना न्यायला आला होतात ना, तेव्हा आमच्या नर्सनं मोबाईलवर काढला.” त्यांनी तो दाखवला. नऊच्या नऊ माणसं होती. मधोमध गळ्यात कॅमेरा अडकवलेले जावईबापू, हात वर करून सगळ्यांना हसायला सांगत होते. त्यांचे दोन्ही कान दिसत होते आणि हनुवटीवर सावलीही नव्हती. जावईबापूंनी फोटो खालीवर नीट तपासला. शिक्का मारावा असं त्यात काहीच सापडलं नाही.