स्वेटर आणि तीन टिंबं

"पहिल्या तारखेपासून माझ्या रंगाच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं," मेहुण्यांनी परस्पर ठरवून टाकलं. "शिंपीकाम संपलं आता, दाजी. लोक तयार कपडे घेतात."

शिंप्यालाही ते दिसत होतं. कित्येक महिने दुकानात पॅन्टच्या चेन बदलण्यापलीकडे काही येत नव्हतं. पण मेहुण्यांच्या हाताखाली? हे मेहुणे म्हणजे चहात साखर किती घालावी हेसुद्धा समोरच्याला समजावून सांगणारे गृहस्थ. नुसत्या कल्पनेनेच शिंप्याची झोप उडाली. आपलं दुकान वाचवायचं, काहीही करून वाचवायचं, असं त्याने मनाशी पक्कं केलं.

मार्ग मोबाईलवर सापडला. लोक इंटरनेटवर काय शोधतात ते सांगणारं एक कीवर्ड टूल होतं आणि तेही फुकट. शोधणारे भरपूर आणि विकणारे कमी असा माल हुडकायचा, की झालं काम. शिंप्याने "शर्ट" टाकून पाहिलं. विकणाऱ्यांची ही गर्दी! "पॅन्ट"चीही तीच गत. फुकटात दिवसाला दोनच शब्द तपासायला मिळत असल्यामुळे त्याने बायकोचा फोन मागून घेतला आणि आता काय टाकावं म्हणून इकडे तिकडे पाहिलं. समोर इस्त्रीच्या टेबलावर घरचा बोका पसरला होता.

"अगं, इकडे ये लवकर!" शिंपी ओरडला. "मांजराचा स्वेटर! हजारो लोक शोधतायत आणि विकणारं जवळपास कोणीच नाही!"

बायकोने डोळे बारीक करून पाहिलं. "स्वेटरपुढे ही तीन टिंबं कसली?"

"पुढचे शब्द. ते पाहायला पैसे पडतात."

"मग पुढे काय असेल?"

"काय असणार? 'कुठे मिळेल', नाहीतर 'स्वस्तात'. एवढ्यासाठी कोण पैसे घालवतंय?"

त्याच दिवशी लोकरीच्या कापडाचा गठ्ठा आला. शिंप्याच्या अंगात उत्साह संचारला होता. माणसाच्या स्वेटरला दोन बाह्या आणि इथे चार, म्हणजे शिलाई दुप्पट! माप घेताना बोक्याने त्याच्या मनगटावर चार रेघा ओढल्या, त्याही शिंप्याने कौतुकाने मिरवल्या.

"अहो, पोटाकडून बटणं लावा," बायको म्हणाली.

"फिटिंग बिघडतं," शिंपी म्हणाला. फिटिंगच्या बाबतीत तो कुणाच्या बापाचं ऐकत नसे.

पाच डझन स्वेटर शिवून झाल्यावर पहिला बोक्याच्या अंगावर चढला. फिटिंग अप्रतिम होतं. बोका क्षणभर उभा राहिला, मग पाट पडावा तसा आडवा झाला. शिंप्याने हात लावताच तो उसळला, मशीनवरून कपाटावर गेला आणि तिथून गुरगुरू लागला. शिंप्याने स्टुलावर चढून ओढून पाहिलं, बायकोने गोंजारून पाहिलं. स्वेटर काही निघेना.

नेमके तेव्हाच मेहुणे आले. "एक मांजर आवरत नाही? सरका!" असं म्हणत ते स्टुलावर चढले, आणि चढले त्याहून लवकर उतरले. पांढऱ्या शर्टाची बाही खांद्यापासून लोंबत होती.

बायकोने घाईघाईने फोन काढला. "थांबा, यावर काही उपाय आहे का बघते." तिने "मांजराचा स्वेटर" एवढंच लिहिलं आणि पुढचे शब्द फोननेच भराभर सुचवले.

"अहो, तुमची तीन टिंबं सापडली."

"काय आहे?"

"'मांजराचा स्वेटर काढायचा कसा.' त्याच्याखाली 'मांजराचा स्वेटर निघत नाही.' त्याच्याखाली 'मांजराचा स्वेटर काढताना चावलं तर.'"

शिंप्याने पाच डझनांच्या ढिगाकडे पाहिलं. त्याला रडूच यायचं बाकी होतं. मेहुणे मात्र फाटक्या बाहीतही खुलले. "मग पहिल्या तारखेला या वेळेवर," ते म्हणाले.

शिंपी उठला. त्याने शिवण उसवायची बारीक कात्री घेतली, स्टुलावर चढला आणि बोका पंजा उगारतोय तोवर पोटाकडची शिवण सर्रकन उसवली. स्वेटर खाली पडला. बोका अंग झटकून निघून गेला.

दारात उभ्या शेजारणीने हे सगळं पाहिलं. "भाऊ," ती अजिजीने म्हणाली, "आमच्या मांजरीच्या अंगावर तीन दिवसांपासून मीच विणलेला स्वेटर आहे हो. पाहिजे ते पैसे घ्या."

दुसऱ्या दिवशी शेजारणीची बहीण मांजर घेऊन आली, मग बहिणीची मैत्रीण. पहिली तारीख उजाडली तेव्हा दुकानासमोर टोपल्यांची रांग लागली होती आणि प्रत्येक टोपलीतून गुरगुर ऐकू येत होती. मेहुणे बोलवायला आले, रांग पाहून घुटमळले, आणि जाताना मुकाट्याने उरलेले सगळे स्वेटर विकायला घेऊन गेले. त्यांच्या गल्ल्याशेजारी मांडलेले ते गोजिरवाणे स्वेटर हातोहात खपू लागले. सकाळी तिकडे घेणारं गिऱ्हाईक संध्याकाळपर्यंत टोपली घेऊन इकडे येई.

आठवड्याने मेहुणे आणखी माल मागायला आले. या वेळी ते रांगेत मागे उभे राहिले होते.

"दाजी, एक विचारू का?" ते अदबीने म्हणाले. "गिऱ्हाइकं म्हणतात, पोटाकडून बटणं का नाहीत? काय सांगू त्यांना?"

बायकोने शिंप्याकडे पाहिलं. शिंप्याने मान वर न करता पुढची टोपली जवळ ओढली.

"सांगा," तो म्हणाला, "फिटिंग बिघडतं."