दोन्ही काटे वर

नीराबाईच्या घराची पायरी सुतार, लोहार किंवा कल्हईवाला कधी चढला नव्हता, आणि ही गोष्ट ती थळच्या कोळीवाड्यात ज्याला त्याला ऐकवत असे. नवरा गेला तेव्हापासून घरात जे मोडलं ते तिनेच नीट केलं. दाराची बिजागरी निखळली, तर तिने जाळ्याच्या सुताने अशी गाठ मारली की दार उघडायला दोन माणसं लागू लागली. खाटेचा पाय मोडला, तिथे वल्ह्याचा तुकडा बांधला. खाट एका अंगाला कलली, पण होडीत जन्म काढलेल्या माणसाला कललेल्या खाटेवरच झोप लागते, असं तिचं म्हणणं. तिच्या डालीत तीनच हत्यारं होती. जाळ्याचं सूत, जाळ्याची शिशं आणि होडीच्या लाकडाला लावतात ते मुशी माशाचं तेल. या तिन्हींनी जे नीट होत नाही ते देवानेच मोडलेलं असतं, त्याला माणसाने हात लावू नये.

फक्त एक गोष्ट तिला नीट करता आली नव्हती. ती म्हणजे तिची जीभ.

तिच्या जिभेने लेकीची, कोकिळेची, दोन स्थळं मोडली होती. पहिल्या स्थळाच्या आत्याला ती म्हणाली, बाई, तुमचं हसणं ऐकून आमच्या कोंबड्या अंडी घालायच्या थांबल्या. दुसऱ्या वेळी मुलाच्या बापाला तिने तोंडावर विचारलं, होडी तुमची की व्याजाने आणलेली. दोन्ही वेळा खरं तेच बोलली, पण खरं बोलून पोर घरातच राहिली. आता तिसरं स्थळ आलं होतं न्हावा गावाहून. मुलगा कान्हा, नीराबाईच्या लेकाबरोबर, चंदरबरोबर, मुंबईच्या गोदीत कामाला. कोकिळेने त्याला चैत्रात देवीच्या जत्रेत पाहिला होता. तेव्हापासून ती सुकटीत मीठ दोनदा घालत होती, म्हणजे आईला काय ते समजलं. हे स्थळ हातचं जायला नको, एवढं नीराबाईने एकवीरेला सांगून ठेवलं होतं.

कान्हाचा बाप भागोजी गोदीतली लाँच चालवणारा सारंग होता. भोंगा झाला की कामावर, भोंगा झाला की घरी. त्याच्या बंडीच्या खिशात साखळीचं घड्याळ असे आणि तो जेवतानासुद्धा ते बघून घास घेई, असं चंदरने कळवलं होतं. अशा माणसापुढे आपलं घर उणं दिसू नये म्हणून चंदरने मुंबईहून भिंतीवरचं एक जुनं घड्याळ पाठवलं. वाड्यातल्या धर्माजीच्या मासळीच्या होडीतून ते आलं. पण खांदेरीजवळ होडीने गचका खाल्ला, घड्याळाचं पुढचं दार उघडलं आणि खाली लोंबणारी पितळेची चकती दर्यात गेली.

धर्माजीने ओशाळून घड्याळ ओटीवर ठेवलं आणि अलिबागला एक घड्याळजी आहे, उद्या त्याच्याकडे नेतो, असं सांगू लागला.

"अलिबागला?" नीराबाई म्हणाली. "वजन गेलंय ना फक्त? वजनाला काय तोटा आमच्या घरात!"

तिने लंबकाच्या उरलेल्या काडीला शिशाची गोळी बांधली, आतल्या चाकांना मुशीचं तेल पाजलं आणि चावी फिरवली. घड्याळ खाकरलं, शिंकलं आणि चालू झालं. घरात होडीच्या तळाचा वास सुटला. वाड्यातली सगळी मांजरं घड्याळाखाली येऊन बसली आणि हलणाऱ्या शिशाकडे बघून मान इकडून तिकडे करू लागली.

चालतं ते ठीक, पण बरोबर चालतं हे ओळखायचं कसं? वाड्यात दुसरं घड्याळ नव्हतं. नीराबाईला त्याची गरजही नव्हती. दर्या होता की! दर्या कधी चुकलाय? समोर भरतीचं पाणी पुरं चढलं, तेव्हा तिने दोन्ही काटे वर नेऊन जुळवले. ही पुरती भरती. आता पुढच्या भरतीला काटे पुन्हा वर जुळले, तर घड्याळ खरं.

पुढच्या भरतीला पाणी अजून चढत होतं आणि काटे आधीच वर जाऊन पलीकडे उतरले होते. हावरं घड्याळ, असं म्हणून तिने खाली आणखी एक शिसं बांधलं. मग ते मागे रेंगाळू लागलं. एक काढलं, छोटं बांधलं, सूत जरा लांब सोडलं. जाळं पाण्यात सारखं उभं राहावं म्हणून शिशं कमीजास्त करतात, तसंच ती करत राहिली. शेवटी काटे आणि पाणी यांचं जमलं. भरतीला दोन्ही काटे वर. ओहोटीला एक वर, एक खाली. दिवस असो की रात्र, चूक नाही. भरती रोज थोडी उशिरा येते, तसं घड्याळही रोज मागे सरके आणि कधी सूर्य डोक्यावर असताना सकाळचं काही दाखवी. त्याचं नीराबाईला काही वाटलं नाही. सूर्य शेतकऱ्यांचा. आपलं घर दर्याचं.

वाड्याने ते घड्याळ डोक्यावर घेतलं. आठ वाजता होडी लोटायची, दहाला जाळी आवरायची. शेजारची ठमाबाई सुकट वाळत घालायलासुद्धा विचारून जाऊ लागली, आणि सगळ्यांचं सगळं वेळेवर होऊ लागलं. नीराबाईची मान इतकी ताठ झाली की डोक्यावर पाटी नसतानाही ती पाटी असल्यासारखी चालू लागली.

मग धर्माजी निरोप घेऊन आला. गुरुवारी सकाळी आठ वाजता भागोजी सारंग सुपारी फोडायला येतो. रात्री रेवसला मुक्काम करतील आणि आठ म्हणजे आठ. दहाच्या आत परत निघायचं, कारण शुक्रवारच्या पहिल्या भोंग्याला त्याला लाँचवर उभं राहायचंय.

गुरुवारी नीराबाईच्या घड्याळात आठ वाजायला आले तेव्हा कोंबडा आरवायचा होता.

ती त्याच्याही आधी उठली होती. कंदिलाच्या उजेडात घावन झाले, नारळाचा रस झाला, सरंगे तळले, कोलंबीचं कालवण उतरलं. कोकिळा हिरवं लुगडं नेसून, अबोली माळून भिंतीला टेकली आणि बसल्या जागी पेंगू लागली. ठमाबाई मदतीला आली होती. तिने दारातून बाहेर पाहिलं आणि भीत भीत म्हणाली, "नीराबाय, आठ वाजता एवढा काळोख असतो व्हय?"

"मुंबयकडची माणसं ती. त्यांचं सगळं लवकर असतं."

आठ वाजले. कोणी आलं नाही. नऊ वाजले, कोंबडा आरवला. दहा वाजले, उजाडलं. कोकिळेच्या डोक्यातली अबोली कलली आणि नीराबाईच्या डोक्यातलं काहीतरी चढू लागलं. अकरा वाजले, तेव्हा ती घरापुढच्या खळ्यात उभी राहून सगळ्या वाड्याला ऐकू जाईल असं बोलली. आमची पोर काय वाटेवर पडलीय? तीन तास ताटकळत ठेवतात! वाड्यानेही माना डोलावल्या, कारण वाडा त्याच घड्याळावर चालत होता. सारंगाला उशीर झाला यात कोणाला शंका नव्हती.

मग तिने टोपली उचलली आणि घावन, सरंगे, कालवण, सगळं घरोघरी वाटून टाकलं. शेवटचा सरंगा मांजरांना दिला. कोकिळा भांडं धरून मागे मागे फिरली आणि एकदा फक्त हळूच म्हणाली, "आये, जरा वाट बघू." पण आयेने ते ऐकलं नाही.

रिकामी टोपली घेऊन ती खळ्यात परतली आणि खाडीच्या तोंडाशी भागोजीचा मचवा लागला. भागोजीने कान्हाला मचव्यावर लक्ष ठेवायला सांगितलं, जरीचा रुमाल सावरला, खिशातून घड्याळ काढलं आणि समाधानाने मिटलं. ठरल्या वेळेला आला होता तो, अगदी भोंग्यावर आल्यासारखा.

"बारा वाजायला आले," नीराबाई म्हणाली. तिने या बसा म्हटलं नाही.

भागोजीला वाटलं, विहीणबाई थट्टा करतायत. तो हसला. त्याने घड्याळ पुन्हा काढून दाखवलं. तिने बोटाने आतलं घड्याळ दाखवलं. तो चौकटीत वाकला, मांजरांच्या माळेकडे पाहिलं, वास घेतला आणि लोंबणाऱ्या शिशांकडे डोळे बारीक करून बघितलं.

"ह्ये घड्याळ हाय का गरवायचा गळ?"

"तुमच्याला शिसं न्हाय, म्हणून वाऱ्यावर चाललंय ते."

तिथून जी जुंपली! तो सूर्य दाखवी, ती दर्या दाखवी. तो म्हणे, अख्खी मुंबई माझ्या घड्याळावर चालते. ती म्हणे, म्हणून तर मुंबईला कोणाचं कोणाला ठाऊक नसतं. वाड्यातल्या बायका कडेने उभ्या राहून पोट धरून ऐकत होत्या आणि त्यांच्या तोंडाला अजून कालवणाचा वास होता. दाराआड मात्र कोकिळा लुगड्याच्या पदराचा पिळा करत होती. आधीची दोन स्थळं मोडताना हाच सूर तिने ऐकला होता. आता आये तोंड उघडेल आणि शेवटचा शब्द बाहेर पडेल.

तो पडतच होता. "ज्याला पाण्याची वेळ कळत न्हाय, त्याच्या घरात माजी पोर..." एवढं आलं आणि ठमाबाईने पाठीमागून तिचं लुगडं असं खेचलं की नीराबाईला बोलणं सोडून आधी लुगडं सांभाळावं लागलं. नीराबाई पुढे आयुष्यभर म्हणायची, त्या दिवशी ठमाबाईने लुगडं ओढलं नाही, पोरीचं नशीब ओढून काठाला आणलं.

पण भागोजीला अर्धं वाक्य पुरलं. त्याने रुमाल झटकला, चल रे म्हणून कान्हाला हाक दिली आणि तो खाडीकडे वळला.

मचवा चिखलात बसला होता. भांडणात उन्हं वर आली होती आणि पाणी केव्हाच उतरून गेलं होतं. उभा जन्म पाण्यावर काढलेल्या सारंगाचा मचवा, भर सकाळी, सगळ्या थळच्या बायकांसमोर, म्हशीसारखा चिखलात! काठावर कान्हा निवांत बसला होता. त्याचं तोंड मचव्याकडे नव्हतं, नीराबाईच्या दाराकडे होतं.

"पाणी चाललं तवा बोललास का न्हाय?" भागोजी ओरडला.

"तुमी दोघं बोलत होता, बाबा. मधी कसा बोलू?"

वाड्यात कोणी हसलं नाही. हसू दाबायला पुष्कळांनी पदर तोंडात घातले, ही गोष्ट वेगळी. नीराबाईलाही बोलता आलं असतं. असा घास तिच्या ताटात पुन्हा येणार नव्हता. पण तिची नजर दाराआडच्या हिरव्या लुगड्यावर गेली, आणि ती एवढंच म्हणाली, "या. उन्हात उभं राहू नका."

या म्हटलं खरं, पण घरात खायला काही नव्हतं. चुलीवर रिकामं टोप आणि खाली तृप्त मांजरं. पाव्हण्याला घरात घेऊन उपाशी ठेवायचं, यापेक्षा ते चिखलात बसलेले बरे. नीराबाई चुलीपुढे बसली. तिने आयुष्यात पहिल्यांदा असं काही मोडलेलं पाहिलं की ज्याला सूत, शिसं आणि तेल काही चालणार नव्हतं.

तेवढ्यात मागच्या दाराने ठमाबाई आली. हातात भाकऱ्या आणि खेकड्याचा रस्सा. तिच्या मागे धर्माजीची बायको ओले बोंबील तळून घेऊन. मग आणखी एक, मग आणखी. सकाळी जिच्या जिच्या घरी नीराबाईने रागाने टोपली रिती केली होती, तिथून काही ना काही येत राहिलं. ओटीवर पानं मांडली गेली, आणि भागोजी सारंग घड्याळ न बघता जेवला.

नीराबाईला डोळ्यांत धूर गेल्यासारखं झालं. आभार कसे मानतात हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. म्हणून तिने तिथल्या तिथे जाहीर केलं की प्रत्येकीच्या घरातली मोडकी वस्तू ती फुकट नीट करून देईल. बायका घाईने म्हणाल्या, आमच्याकडे काही मोडलेलं नाही. तेव्हापासून थळला कोणाच्या घरी काही मोडत नाही.

दुपारी भागोजी चुळबुळू लागला. पहिला भोंगा चुकला तर लाँच जाईल दुसऱ्याच्या हाती. पाणी येईल संध्याकाळी हे त्यालाही कळत होतं, पण या अनोळखी खाडीत मचवा नक्की केव्हा उचलेल, हे त्याच्या साखळीच्या घड्याळाला विचारून उपयोग नव्हता.

"एक काटा वर, एक खाली झाला की खाडी रिकामी," नीराबाई म्हणाली. "दोन्ही वर आले की तुमचा मचवा सुटेल."

त्याने फक्त हुं केलं. पण थोड्या वेळाने तो उठून खाडी बघून आला. तळ उघडा पडला होता. आत येऊन पाहिलं तर एक काटा वर, एक खाली. तो मांजरांना सरकवून घड्याळाखाली बसला. मग उठून पुन्हा खाडीवर गेला, पुन्हा आत आला. दिवस कलेपर्यंत तो असाच ये-जा करत राहिला आणि दर खेपेला थोडा गप्प होत गेला. शेवटी शिशांना बोट न लावता त्याने विचारलं, किती बांधलीत. नीराबाईने सांगितलं. सूत किती सोडलं, तेही सांगितलं. दोघं बराच वेळ हळू आवाजात बोलत होती, आणि त्यात कोणाचाही अपमान झाला नाही. वाड्याला काळजी वाटली.

दिवेलागणीच्या सुमारास काटे वर जुळायला आले आणि खाडीतून कान्हाची हाक आली. मचवा हलला होता.

भागोजीने निघता निघता उभ्यानेच सुपारी फोडली. कोकिळेच्या ओटीत नारळ पडला. त्याने नीराबाईला हात जोडले, आणि नीराबाईने, कोणी बघत नाही असं पाहून, जोडलेल्या हातांना हात जोडले. सगळं पार पडलं. आता मचव्यात चढायचं तेवढं बाकी होतं, तोच भागोजी सवयीने खिशात हात घालून मागे वळला.

"बाय, लग्नाला वऱ्हाड किती वाजता आणू?"

खळ्यातल्या सगळ्या बायका नीराबाईच्या तोंडाकडे बघू लागल्या. ठमाबाईने लुगडं धरायला हात पुढे केला. नीराबाईने मान ताठ केली, श्वास घेतला, तोंड उघडलं...

"भरतीला या," दाराआडून कोकिळा म्हणाली.

भागोजीने खिशातला हात रिकामाच बाहेर काढला. नीराबाईचं उघडलेलं तोंड तसंच मिटलं. सूत, शिसं, तेल न लावता पोरीने ते दोन शब्दांत नीट केलं.