मानसशास्त्राचा प्रयोग विज्ञानप्रांती जाहला त्याची हकीकत

श्री विद्येचे चरणी मस्तक ठेवून, परीक्षा विभागास दुरूनच हात जोडून, आणि वाचणाराने मध्येच उठून चहास जाऊ नये इतकी विनंती करून लिहावयास घेतले ऐसीजे. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. संवत्सराचे नाव क्रोधी, आणि त्या साली विद्यापीठाचे राज्यात जो तो कोणावर ना कोणावर रागावलेलाच असे, सबब नाव सार्थ जाहले. राज्य थोर. प्रांत पुष्कळ. त्यांत विज्ञानप्रांत बळकट, मागेल ते यंत्र त्यास मिळे. कलाप्रांत ऐसपैस परंतु गरीब, पंखा बिघडला तर हिवाळा येईतो वाट पाहणारा. या कलाप्रांताचे टोकास, जिन्याचे अंगास, मानसशास्त्राचा महाल होता, आणि त्या महालाच्या मुख्य उज्ज्वलाबाई केळुसकर. बाई बोलण्यास मऊ, परंतु एकदा मनात घेतले म्हणजे कोणाच्या बापास ऐकावयाच्या नाहीत. महालात एक प्रयोगशाळा बाईंनी स्वतः मांडली होती, आणि तीत आरशात पाहून आकृती काढावयाची पेटी, क्षण मोजण्याची घड्याळे, स्मृती तपासण्याचे फिरते पिंप ऐसा सरंजाम होता, आणि त्यावरची धूळ बाई आपले पदराने पुशीत.

आता मसलत कोणती, ती ऐकावी. विज्ञान शिकलेली पोरेपोरी वर्षावर्षास बाईंकडे येत आणि म्हणत, "बाई, आम्हाला मन शिकायचंय." त्यांस बाईंनी सांगावे की बाळांनो, आधी तुमचा प्रांत सोडा, मग कलाप्रांती या, आणि येथे प्रयोगाचे तास मागू नका, कारण कलाप्रांती प्रयोगाचे तास धरीत नाहीत. पोरे हिरमुसून परत जात आणि नाइलाजाने रसायने ढवळीत बसत. हे पाहून बाईंचे पोटात तुटे. मग बाईंनी निश्चय केला की मानसशास्त्राची तीन वर्षांची पदवी विज्ञानप्रांतीच उभी करावी. आणि त्यांचे हाताखालची जुई शेवाळे म्हणून तरुण अध्यापिका, पायाला भिंगरी लावलेली, तीस घेऊन आराखडा मांडिला: पहिले साली संवेदन, अवधान आणि स्मृती, दुसरे साली मज्जासंस्था आणि मुलांची वाढ, तिसरे साली विद्यार्थ्याने स्वतः प्रश्न काढून स्वतः प्रयोग करावा, संख्याशास्त्र तिन्ही साली, कोणासही माफी नाही. तोच हुजुरातून, म्हणजे कुलगुरूंचे कचेरीतून, हुकूम आला की या साली पदवी मंजूर न जाहली तर मानसशास्त्राचा महाल मोडून तत्त्वज्ञानाचे महालात सामील करावा, आणि प्रयोगशाळा भूगर्भशास्त्रास दगड ठेवावयास द्यावी. हे ऐकून बाईंचे तोंडचे पाणी पळाले. जुईस म्हणाल्या, "अगं, दगड! माझ्या खोलीत दगड!" आणि त्या दिवशी डबा तसाच परत नेला.

मग बाई विज्ञानप्रांताचे दरबारी रुजू जाहल्या. प्रांताचे अधिष्ठाते राजश्री मधुसूदनपंत टिपणीस, पदार्थविज्ञानाचे थोर पंडित, करडे. स्वभाव ऐसा की चहात साखर किती पडली हेही डोळ्यांनी पाहिल्यावाचून मानीत नसत. दरबारात बाईंनी आराखडा वाचिला, आणि वाचून संपतो न संपतो तोच सरदार मंडळींनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, आपापली हद्द सांभाळावयास सुरुवात केली. गणिताचे म्हणाले की संख्याशास्त्र आमचे वतन आहे. प्राणिशास्त्राचे इनामदार सर, मनाने उमदे परंतु तापट, ते टेबलावर हात आपटून म्हणाले, "मेंदू आमचा आहे, बाई!" बाई म्हणाल्या, "मेंदू तुमचाच ठेवा सर. आठवड्याचा एक तास तेवढा आम्हाला द्या, आणि तोही तुम्हीच येऊन घ्या." इनामदार हसले आणि तेथेच निवळले. परंतु पंत हसणारातले नव्हेत. पंतांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बाई, तुमचा आराखडा चांगला आहे. पण मन काही मला भिंगातून दिसत नाही, तराजूत घालता येत नाही. मी त्याला विज्ञान कसं म्हणू? शास्त्र म्हणजे प्रयोग. तुमचा एक प्रयोग साऱ्या सभेपुढे करून दाखवा. पटला तर मी स्वतः मंजुरी मांडतो. नाही पटला तर विषय संपला." बाईंनी "बरं" म्हटले, आणि तेथून थेट प्रयोगशाळेत जाऊन आरशाची पेटी पुसावयास घेतली.

येथे घोड्याने पेंड कोठे खाल्ली ते सांगतो. दरबाराचा ठराव हुजुराकडे जावयाचा तो चिटणिसांचे हातून जाई, आणि चिटणीस अरविंदराव गुळवणी हे नाटकाचे परम वेडे. तरुणपणी स्वतः तोंडास रंग लाविलेला, उतारवयातही कोणी दार लोटले तरी यांस पडदा सरकल्यासारखे वाटे. यांचेपुढे ठराव आला की 'मानसशास्त्राचा प्रयोग सर्व सभासदांपुढे व्हावा.' आता प्रयोग म्हटला म्हणजे अरविंदरावांचे जगात एकच अर्थ. त्यांस गहिवर आला, की एवढ्या वर्षांत विज्ञानप्रांतास नाटकाची बुद्धी जाहली. मग त्यांनी कोणास न विचारता राज्याचे नाट्यगृह शुक्रवारचे सायंकाळास राखिले, पडदा धुवून घेतला, रंगभूषाकार बोलाविला आणि सर्व सभासदांस आमंत्रण धाडिले की 'मानसशास्त्राचा प्रयोग, सहकुटुंब यावे.' बाईंस निरोप मिळाला तो इतकाच की जागा नाट्यगृह. बाईंस वाटले, सभागृहात रंगकाम चालले असेल, म्हणून नाट्यगृहातली एखादी मागची खोली दिली असेल.

शुक्रवारी बाई आणि जुई आरशाची पेटी आणि घड्याळे घेऊन मागील दाराने आत गेल्या, तो समोर रंगभूषाकार उभा. तो म्हणाला, "या बाई, बसा. कोणती भूमिका तुमची?" बाई म्हणाल्या, "मी प्रयोग करायला आलेय." तो म्हणाला, "तेच म्हणतोय मी. सासू की कसं?" इतक्यात अरविंदराव झब्बा घालून लगबगीने आले आणि म्हणाले, "बाई, दुसरी घंटा झालीय. नटराजाची पूजा केली, नारळ फोडला. हाऊसफुल्ल आहे! नांदी कोण म्हणणार?" तेव्हा बाईंनी पडद्याचे फटीतून पाहिले. सारे राज्य तेथे लोटले होते. सरदार मंडळी इस्त्रीचे कपडे घालून आलेली, त्यांच्या बायका गजरे माळून आलेल्या, कोणी शेंगदाणे खात आहेत, पहिले रांगेत कुलगुरू श्रीमंत बसले आहेत, आणि त्यांचे शेजारी मधुसूदनपंत हाताची घडी घालून, नाट्यगृह पाहून कपाळास आठ्या घातलेले. आरशाची पेटी एका वेळी एकाच माणसाने पाहावयाची; मागल्या रांगेस काय दिसावे, डोंबल? जुई रडकुंडीस आली आणि म्हणाली, "बाई, परत जाऊ या. झालेली चूक सांगू, पुढची तारीख मागू." पुढची तारीख म्हणजे पुढले साल, आणि पुढले साल म्हणजे खोलीत दगड, हे बाईंस दिसत होते. मग त्यांनी आणखी एकदा फटीतून पाहिले, आणि त्यांचे डोळे चमकले, आणि म्हणाल्या, "जुई, पेटी ठेव बाजूला. अगं, एवढी मनं आपणहून चालून आलीत. आपल्या खोलीत जन्मात जमली नसती. चिटणीस, आवाज टिपून घ्यायची सोय आहे ना इथे?" अरविंदराव दुखावून म्हणाले, "बाई, प्रत्येक प्रयोग टिपतो आम्ही." बाई म्हणाल्या, "मग वाजवा तिसरी घंटा."

पडदा वर गेला, आणि बाई एकट्याच पुढे आल्या, आणि सरळ रंगमंचावरून उतरून श्रीमंतांचे कानाशी लागून चार शब्द बोलल्या, ते कोणास ऐकू आले नाहीत. श्रीमंतांनी भुवया उंचावल्या आणि मान डोलाविली. मग बाई वर जाऊन म्हणाल्या, "मी काही शब्द वाचते. नीट ऐका. नंतर विचारीन." आणि संथ वाचू लागल्या: अंथरूण, उशी, पांघरूण, जांभई, गादी, डुलकी, स्वप्न, रात्र, पेंग, घोरणे, अंगाई, पहाट. अरविंदरावांस वाटले हीच नांदी, त्यांनी मान डोलावून दाद दिली. मग जुईने सर्वांस थोडी बेरीज-वजाबाकी तोंडी करावयास लाविली, म्हणजे मन दुसरीकडे जावे. त्याउपरि बाईंनी विचारिले, "उशी हा शब्द ज्यांनी ऐकला त्यांनी हात वर करा." हात वर आले. "विहीर?" कोणी हात केला नाही, दोघे-तिघे हसले. "जांभई?" हात आले. "झोप?" तो काय सांगावे, सारे नाट्यगृह हात वर करून बसले, बायकांचे हात, सरदारांचे हात, गणिताचे हात, इनामदारांचे तर दोन्ही हात. श्रीमंतांनी मात्र हात न करता तोंडास रुमाल लाविला, कारण हसू आवरेना. बाई म्हणाल्या, "झोप हा शब्द मी वाचलाच नाही."

मोठा गलबला जाहला. मधुसूदनपंत ताडकन उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, हे चालायचं नाही. मी स्वतः ऐकलाय. उशीनंतर आला. मी शपथेवर सांगतो." बाई म्हणाल्या, "पंत, माझ्यावर विश्वास ठेवू नका. चिटणीस, ऐकवा." आणि टिपलेला आवाज नाट्यगृहात घुमला: अंथरूण, उशी, पांघरूण, जांभई, आणि शेवटी पहाट. झोप कोठेही आली नाही. श्रीमंत उभे राहून म्हणाले की बाईंनी आधीच कानात सांगितले होते, मी झोप म्हणणार नाही आणि सारे सभागृह ती ऐकली म्हणेल. पंत खाली बसले नाहीत. चेहरा उतरलेला, परंतु डोळे जागे. म्हणाले, "पुन्हा करा." बाईंनी पुन्हा आरंभिले: साखर, गूळ, काकवी, मध, पेढा, जिलेबी, बासुंदी, शिरा, ऊस. पंतांनी या खेपेस सावध राहावे म्हणून दोन्ही हात मांडीखाली दाबून धरिले होते. मग बाईंनी विचारिले, "गोड?" पुष्कळ हात वर गेले. पंतांचा गेला नाही. परंतु पंत सावकाश बोलले, आणि त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "बाई, नव्हता हे मला माहीत आहे. तरी ऐकू आला हो."

मग पंत सभेकडे वळून म्हणाले, "मंडळी, यंत्राची चूक किती, हे आपण जन्मभर काढत आलो. यंत्राशी बसून पाहणाऱ्याची चूक किती, हे आपण कधी विचारलं नाही. मी तर स्वतःला त्या हिशेबातून वगळूनच ठेवलं होतं. भाकीत आधी केलं, ते खरं झालं, पुन्हा केलं तरी खरं झालं. याला विज्ञान म्हणायचं नसेल तर मला माझंही दुकान बंद करावं लागेल. पदवी मंजूर करावी, असा माझा प्रस्ताव आहे." इनामदारांनी बसल्या जागेवरून अनुमोदन दिले. कोणी विरोध केला नाही, आणि श्रीमंतांनी तेथेच पदवी मंजूर जाहल्याचे फर्माविले. बाईंचा जीव भांड्यात पडला. बाई रंगमंचावर नाटकासाठी ठेविलेल्या खुर्चीत मटकन बसल्या, आणि एकदम हसू आणि रडू दोन्ही आले, आणि लोकांस वाटले हाही प्रयोगच, म्हणून टाळ्यांचा कडकडाट जाहला. अरविंदरावांनी पडदा पाडिला. पडद्याआड जुईने बाईंस मिठी मारिली, आणि बाई इतकेच म्हणाल्या, "दगड टळले गं बाई."

त्याउपरि कामे भराभर उरकली. इनामदारांनी मज्जासंस्थेचा तास आपणहून घेतला आणि एकाचे दोन मागितले. गणिताने आपले वतन राखिले आणि शिकवावयास माणूस दिला. कलाप्रांताने लेक सासरी धाडावी तसे डोळे पुसून निरोप दिला आणि टेबले-खुर्च्या मात्र ठेवून घेतल्या. पंतांनी ठरावात आपले हाताने एक ओळ वाढविली, की पहिले सालचे प्रयोगांत विज्ञानप्रांताचे सर्व सरदारांनी वर्षातून एकदा प्रयुक्त म्हणून, म्हणजे ज्याचेवर प्रयोग करावयाचा तो म्हणून, विद्यार्थ्यांपुढे बसावे, आणि आरंभ अधिष्ठात्यांपासून करावा. बाई त्या शुक्रवारी घरी गेल्या, आणि कित्येक महिन्यांत पोटभर जेवल्या नव्हत्या त्या जेवल्या, आणि अंथरुणास पाठ टेकते न टेकते तो डोळा लागला. सकाळी उन्हे वर आली तरी जाग आली नाही, आणि घरच्यांनीही उठविले नाही.

एणेप्रमाणे क्रोधीनाम संवत्सरी मानसशास्त्र विज्ञानप्रांती सुखरूप दाखल जाहले. राज्यात कोणी दुखावला नाही. एक रंगभूषाकार तेवढा रंग न लाविताच परत गेला, त्यास अरविंदरावांनी चहा पाजिला. नव्या सालचे पहिले दिवशी पोरेपोरींनी वर्ग भरून गेला, आणि मागील बाकावर, प्रयोगाची वेळ विचारावयास म्हणून, मधुसूदनपंत येऊन बसले. बाईंनी त्यांसही हजेरीत घेतले. ऐसी ही हकीकत पुरी जाहली.