मुक्काम वाढवण्यात आला आहे

"तू बाबांना खोली सोडायला सांगितलंस?" बायकोने इतक्या शांतपणे विचारलं, की जावयाच्या कपातला चहा डुचमळला.

"मी? मी कशाला सांगू!"

तिने मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला. सासऱ्यांनी त्यांना आलेले संदेश जसेच्या तसे लेकीला धाडले होते : 'आपला मुक्काम संपला आहे. खोली रिकामी करावी.' लगेच पुढचा : 'आपले स्वागत आहे!' आणि खाली सासऱ्यांचा स्वतःचा : 'बॅग भरली आहे.'

जावयाने कप खाली ठेवला. घर दोन खोल्यांचं, म्हणून त्याने सासू-सासऱ्यांची सोय कोपऱ्यावरच्या गेस्टहाउसमध्ये केली होती. आणि पाहुण्यांच्या नोंदी ठेवणारा, त्यांना संदेश धाडणारा तिथला कॉम्प्युटर प्रोग्राम त्यानेच लिहिला होता. रोजच्या साफसफाईची पाळी नीट लागावी म्हणून प्रत्येक मुक्काम मध्यरात्रीला कापून त्याने दिवसागणिक तुकडे पाडले होते. प्रोग्राम मात्र प्रत्येक तुकड्यालाच अख्खा मुक्काम समजत होता. बाराला पाहुण्याला हाकलायचा आणि पुढच्याच क्षणी पायघड्या घालायचा.

तो तसाच चपला अडकवून धावला. सासरे गेस्टहाउसच्या पायरीवर, भरलेल्या बॅगेवर बसले होते.

"बाबा, ती प्रोग्रामची चूक आहे हो."

"प्रोग्राम कुणाचा?"

"माझा."

"मग झालं तर!"

सासूबाईंनी कशीबशी त्यांना बॅग वर न्यायला लावली. जावयाने काउंटरवर बसून घाईघाईत प्रोग्राममध्ये एक ओळ घातली : तुकडा मध्यरात्रीला संपला, तर मुक्काम चालूच समजावा. मॅनेजर शेजारी येरझाऱ्या घालत होता, बायकोचे फोनवर फोन येत होते. ओळ चालली. पुढचे दोन दिवस कुणी पाहुणा निघणार नव्हता; सगळं शांत होतं.

निघायच्या दिवशी तो सकाळीच बायकोसह गाडी घेऊन हजर झाला. सासऱ्यांनी त्याला कडकडून मिठी मारली.

"जावईबापू, तोंडाने बोलत नाही तुम्ही, पण मन मोठं आहे! तिकिटं रद्द केली मी."

त्यांच्या मोबाइलवर संदेश झळकत होता : 'आपला मुक्काम वाढवण्यात आला आहे.' जावयाच्या आत्ता लक्षात आलं. मुक्काम नोंदवायला प्रोग्राममध्ये त्याने नुसती तारीख ठेवली होती, वेळ नाही. म्हणजे खरा मुक्कामही मध्यरात्रीलाच संपत होता, आणि नवी ओळ त्यालाही चालूच समजत होती. खुलासा करायला त्याने तोंड उघडलं, पण बायको इतक्या कौतुकाने बघत होती, की ते आपोआप मिटलं.

तेवढ्यात मॅनेजर धापा टाकत आला. "साहेब, आज निघणाऱ्या सगळ्यांचाच मुक्काम वाढलाय! कुणी हलायला तयार नाही, आणि नवे पाहुणे दारात उभे आहेत. निदान तुमची माणसं तरी..."

"त्यात काय एवढं?" बायको म्हणाली. "घर आहे की आपलं!"

जावयाने मुकाट्याने बॅग उचलली.